पाचपैकी

सरांना कुणी "चहा कसा झालाय?" असं विचारलं तं ते "छान" म्हणायचे न्हाईत. कप खाली ठेवायचे, डोळे मिटायचे, घोट पोटात पोचेपर्यंत थांबायचे, अन् मंग सांगायचे, "पाचपैकी तीन."

कॉलेजच्या कॅन्टीनवाल्या मामाला सुरुवातीला लई राग यायचा. "सर, चहाला परीक्षेला बसवून राहिले का?"

"न्हाई. कालचा दोन होता. सुधारणा आहे."

पुढं पुढं मामालाच ती सवय लागली. एखादं पोरगं "मामा, चहा मस्त" म्हणलं की मामा गाळणी हातात धरून विचारायचा, "मस्त म्हणजे किती? नीट सांग."

सगळं कॉलेज त्यांना 'पाचपैकी' म्हणायचं. "पाचपैकी आले का रे?" "आता पाचपैकीचा तास हाय." सरांना ते ठाऊक होतं. एकदा एका नव्या पोरानं चुकून तोंडावरच "नमस्कार, पाचपैकी सर" म्हणलं. सर जरासे थांबले. म्हणले, "नमस्कार. आवाज बारीक पडला. तीन."

पाच मात्र त्यांनी कधी कुणाला दिला न्हाई. चार म्हणजे त्यांच्याकडचं सुवर्णपदक. मी विचारलं, "सर, पाच काहून देत न्हाई तुमी?" तं म्हणले, "पाच ठेवून द्यायचा असतो. उद्या याच्याहून चांगलं काही आलं तं त्याला काय देशील?" एका लग्नात पोरीच्या बापानं हात जोडून विचारलं, "गुरुजी, लग्न कसं वाटलं?" सर म्हणले, "आत्ता तं सुरू झालंय. एवढ्यात कसं सांगू?" बाप बिचारा पंगतीत वाढायला पळाला.

हिंगोलीच्या आमच्या कॉलेजात सर मानसशास्त्र शिकवायचे. विषय घेणारे आमी मोजकेच. बाकीच्यांनी इतिहास घेतला, कारण त्याचं गाईड बारीक होतं. मी मानसशास्त्र घेतलं, कारण कुणीतरी सांगितलं की याच्यात दुसऱ्याच्या मनातलं कळतं, अन् मला त्या वेळी एका पोरीच्या मनातलं पाहिजे होतं. ते काही कळलं न्हाई. तिचं लग्न झालं, सर माझ्याकडं राहिले.

हे सगळं आता आठवायचं कारण म्हणजे सरांच्या लेकीचा फोन. ताई पुण्याला असते. सर रिटायर झाले, त्याच्या पुढच्या वर्षी काकू, म्हणजे सरांची बायको, वारल्या, अन् आता सर हिंगोलीच्या घरात एकटे. पुण्याला चला म्हणलं तं येत न्हाईत. ताई फोनवर म्हणली, "अरे, मी रोज विचारते, बाबा कसे आहात. रोज म्हणतात, पाचपैकी चार. जेवण? चार. झोप? चार. आकड्याच्या बाबतीत बाबा खोटं बोलत नाहीत, म्हणून मी निवांत आहे. तरी तू एकदा जाऊन ये."

मी "हो ताई" म्हणलो, फोन ठेवला, अन् लगेच मोपेडची किल्ली शोधायला लागलो.

काहून, ते कळायला आधी सर कळावे लागतील.

मी नकला करायचो. शाळेपासून. हेडमास्तर, कंडक्टर, भंगारवाला, आमच्या आत्याचं पाहुण्यांपुढचं रडणं, सगळं. गॅदरिंग माझ्याशिवाय होत नसायचं. त्यात सरांचा आवाज तं एकदम सोपा. एसटी स्टँडवर गाड्या सांगतात ना, सेनगाव, जिंतूर, औंढा, कळमनुरी, सगळ्या गावांना एकच भाव? तसा. चढ न्हाई, उतार न्हाई. सर कुणाच्या बारशाचं सांगत असोत का दहाव्याचं, गाडी त्याच फलाटावर लागायची.

एकदा तासाच्या आधी मी डस्टर काखेत धरून फळ्यापुढं उभा राहिलो अन् सुरू झालो. "विद्यार्थ्यांनो, मागच्या पंधरवड्यात आपल्याला अभ्यास करावासा वाटला का? अजिबात न्हाई, क्वचित, कधी कधी, बऱ्याचदा, का सतत?" पोरं हसून हसून बाकाखाली गेली. मंग एकदम हसणं बंद पडलं. मी दाराकडं पाह्यलं, दार मोकळं. सर शेवटच्या बाकावर बसलेले होते. कवापासून, देव जाणे.

"परत म्हण."

"चुकलं सर."

"चुकलं का, असं मी विचारलंच न्हाई. परत म्हण."

म्हणलो.

"अजून एकदा."

अजून एकदा म्हणलो. सर उठले, फळ्यापाशी आले, माझ्या काखेतलं डस्टर काढून घेतलं. म्हणले, "दर वेळी सारखं. शब्द सारखे, थांबायची जागा सारखी. असा विचारणारा माणूस मी किती वर्षांपासून शोधून राहिलोय. रविवारी घरी ये." मंग सगळ्या वर्गाकडं वळून म्हणले, "एखादा काटा रोज तेच वजन दाखवतो, पण दोन किलो जास्त दाखवतो. तो भरवशाचा आहे, पण खरा न्हाई. हा पोरगा तसा आहे. भरवसा दिसला. खरेपणाचं नंतर बघू."

मारलं असतं तं कमी लागलं असतं.

रविवारी गेलो तवा कळलं, सर मन मोजायची पट्टी बनवून राहिले होते. सुतार लाकूड मोजतो तशी माणसाचं बरंवाईट मोजायची. छापील पट्ट्या बाहेरून यायच्या, पण त्यांची मराठी अशी की वाचणाराच आजारी पडावा. "आपणांस गत दोन आठवड्यांत विषण्णता जाणवली काय?" सरांनी हा प्रश्न एका गावात पारावर विचारला, तं एक म्हातारबुवा म्हणले, "ते तिकडं वाशीमकडं जाणवत असंल. आमच्याकडं अजून आलं न्हाई."

सरांच्या पट्टीतला पहिला प्रश्न वेगळा होता. तो सापडला घरातच. ताई नवी नवी पुण्याला शिकायला गेलती. सर फोन करायचे अन् विचारायचे, "अभ्यास कसा? जेवण कसं? प्रकृती कशी?" ती म्हणायची चांगला, चांगलं, चांगली. एकदा काकूंनी फोन घेतला अन् एवढंच विचारलं, "करमतं का गं?" अन् तिकडं पोरगी हुंदके देऊन रडायला लागली. सर शेजारीच उभे होते. ते मला म्हणले, "तेवढ्या प्रश्नासाठी मी पुस्तकांची कपाटं उपसली होती."

तं पट्टीतला पहिला प्रश्न, "करमतं का?" काकूंचा.

काकूंना मात्र त्या पट्टीचं कवडीचं कौतुक नव्हतं. मी समोर बसलेलो असताना सर विचारायचे, "आज गुडघे किती दुखतात? एक ते पाच."

"सहा."

"सहा न्हाईये."

"मंग माझं दुखणं तुमच्या पट्टीत मावत न्हाई, त्याला मी काय करू?"

सर गंभीरपणे सांगायचे, "हा प्रतिसाद बाद."

"बाद तं बाद. तेल आणा चोळायला."

अन् सर निमूट उठून तेल गरम करायला जायचे. हे मी एवढ्या वेळा पाह्यलंय की त्या घराची नक्कल करायची म्हणलं तं मला तेवढंच येतं. एक म्हणणार "सहा", दुसरा म्हणणार "बाद", अन् मंग तेलाचा वास.

गावात मात्र आकडे चालत नव्हते. म्हाताऱ्या माणसाला "एक ते पाच" म्हणलं की ते विचारायचे, "एक ते पाच काय? रुपये?" मंग सरांनी स्टीलचे पाच ग्लास घेतले. पहिला रिकामा, दुसऱ्यात थोडी तूरडाळ, मंग अर्धा, मंग पाऊण, अन् शेवटचा काठोकाठ. करमतं का? जेवढं करमतं तेवढा ग्लास दाखवा. बोलायचं काम न्हाई.

ते ग्लास एका पिशवीत घालून आमी सरांच्या मोपेडवर निघायचो. सर चालवायचे, मी मागं, पिशवी माझ्या मांडीवर. रस्ते कसे आहेत ते सांगायची गरज न्हाई. गावाच्या वेशीपासून आमचा खणखणाट सुरू व्हायचा. अन् गल्लीत शिरलं की बाया जुनी लुगडी-पँटा घेऊन दारात उभ्या. जुन्या कपड्यांवर भांडी देणारे आले, असं त्यांना वाटायचं. एका बाईनं तीन साड्या सरांच्या मोपेडवर टाकल्या अन् म्हणली, "मास्तर, याच्यात कढई बसवा. ग्लास नको मला, घरात पायापायात येतात."

"बाई, आमी भांडी विकत न्हाई. आमी मन मोजतो."

बाई साड्या गोळा करत म्हणली, "मंग ते घरी सोडून आलं पाहिजे व्हतं. भांडी तरी आणायची."

सेनगावकडच्या एका गावात आमाला एक आजी भेटली. ओट्यावर बसून तूर निवडून राहिली होती. तोवर आमी बरीच गावं केली होती अन् सर जरा खुशीत होते, कारण रिकाम्या ग्लासाला कुणी हातच लावत नव्हतं. म्हणजे अजिबात करमत न्हाई असं माणूस जिल्ह्यात नव्हतंच. मी म्हणलो, "सर, आपला जिल्हा तं लई सुखी निघाला."

आजीपुढं ग्लास मांडले. मी सरांच्या आवाजात विचारलं, "करमतं का?" आजीचा हात पहिल्या ग्लासाकडं गेला. अन् मधीच थांबला. तिनं हात मागं घेतला. माझ्याकडं पाह्यलं.

"रिकामं भांडं ठेवतं का रं कुणी माणसापुढं? घरात कुणी शिकवलं न्हाई का तुला?"

"आजी, ते रिकामंच असतंय. त्याचा अर्थ..."

"अर्थ तुझ्यापाशी ठेव."

तिनं सुपातली चिमूटभर तूर घेतली, रिकाम्या ग्लासात टाकली. दाणे तळाला टणटण वाजले. मंग त्याच ग्लासावर बोट ठेवून म्हणली, "हं. आता इचार."

मी विचारलं, "करमतं का?"

"हे. एवढं."

सरांनी तिचा ग्लास लिहून घेतला, नमस्कार केला, मोपेडला किक मारली. गाव मागं पडलं. एका बाभळीखाली गाडी थांबवली अन् म्हणले, "इतके दिवस सगळ्यात खालच्या माणसांना आपण जागाच ठेवली नव्हती. त्यांनी बसायचं कुठं?" मंग आतापर्यंत केलेली सगळी गावं त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरली. त्या दिवसापासून पहिल्या ग्लासात कायम चिमूटभर तूर असायची. ग्लास घासले तरी सर ते दाणे आधी कागदात काढून ठेवायचे.

पुढं मला एकट्याला गावं दिली. माझी उत्तरं बघून सरांनी चष्मा काढला. "तुझ्या गावात सगळे भरलेले ग्लास. तिथं काय भंडारा होता का?"

मी खूश. म्हणलो, "माणसं मोकळी बोलतात सर माझ्याशी."

पुढच्या वेळी ते माझ्यासंगं आले, लांब जाऊन एका ओट्यावर बसले. अन् मी माझं काम दाखवलं. एका घरात तलाठ्याचा आवाज, दुसऱ्यात सरपंचाचा, तिसऱ्यात त्यांच्याच सुनेचा. लोक पोट धरून हसून राहिले अन् हसता हसता काठोकाठ भरलेला ग्लास दाखवून राहिले.

परत येताना सर म्हणले, "तू त्यांचं मन न्हाई मोजलं. तू तुझा कार्यक्रम मोजला."

मी मांडीवरची पिशवी सारखी केली.

"कार्यक्रम चांगला होता. चार."

मंग त्यांनी मला 'बरं' शिकवलं. उत्तर आलं की फक्त 'बरं' म्हणायचं. 'अरेरे' म्हणलं की पुढचं उत्तर माणूस तुला आणखी वाईट वाटावं म्हणून देतो. 'वा' म्हणलं की तुला बरं वाटावं म्हणून देतो. नुसतं 'बरं' म्हणलं की त्याला तुझ्याकडं बघायचं काम राहत न्हाई, तो स्वतःकडं बघतो. ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. सरांनी माझी तालीम काकूंपुढं घेतली. काकू भाजी चिरता चिरता सांगायच्या, "आमची म्हैस मेली."

"बरं."

"गोठा जळाला."

"बरं."

"नवरा जलमभर लोकांना करमतं का विचारत फिरला, मला एकदाबी न्हाई विचारलं."

मी फिसकन हसलो. सर म्हणले, "नापास." पण त्यांचे कान लाल झाले होते. त्या दिवशी निघताना मी चपला घालत होतो, तवा आतून सरांचा तोच सपाट आवाज आला, "करमतं का?" अन् काकू म्हणल्या, "आता गिऱ्हाईक गेल्यावर इचारता व्हय? सहा!"

शेवटची गोष्ट कळमनुरीच्या एका शिलाईवाल्या चाचांची. आठवडी बाजारच्या रस्त्याला त्यांचं दुकान. मी बसलो, ग्लास मांडले, सर दारात उभे. करमतं का? चाचांनी मशीन न थांबवता मधला ग्लास दाखवला. झोप लागते का? मधला. माणसांत बसावंसं वाटतं का? मधला. सरांच्या पट्टीत काही प्रश्न मुद्दाम उलटे होते. मी विचारलं, "घर खायला उठतं का?" चाचा म्हणले, "बराबर है, मधलाच." म्हणजे माणसांत बसावंसं जेवढं वाटतं तेवढंच घर खायला पण उठतं. मला पकडल्याचा आनंद झाला. मी ओरडलोच, "चाचा, गावले तुमी! उलटा प्रश्न होता तो!"

सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला अन् मला दुकानाबाहेर आणलं. असं कधी करायचे न्हाईत. म्हणले, "आपण पोलीस न्हाई. सगळ्याला एकच उत्तर आलं म्हणजे माणूस खोटं बोलतो असं न्हाई. आपण दार वाजवलं अन् घरात कुणी नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. मुकाट्यानं परत यायचं. पंधरवड्यानं पुन्हा जायचं, तोच प्रश्न, तोच आवाज. पहिलं उत्तर विचारणाऱ्यासाठी असतं. दुसरं स्वतःसाठी."

पंधरवड्यानं मी अन् सर गेलो. तेच ग्लास, तोच आवाज. करमतं का? चाचांचा पाय पायट्यावरून खाली आला. मशीन थांबली. चिमूटभर तुरीचा ग्लास त्यांनी आपल्याकडं ओढून घेतला अन् म्हणले, "बेटा, लडका हैदराबाद को गया. फोन नहीं उठाता. घरवाली को बोलता हूँ, कल ही बात हुई."

मी 'बरं' म्हणलो. चांगलं जमलं. अन् चाचा पुढं कितीतरी वेळ बोलत राहिले. त्यांचं बोलणं संपल्यावर सरांनी त्यांच्याकडून स्वतःच्या शर्टाचं बटन लावून घेतलं. शर्टाला सगळी बटनं होती. एक त्यांनी बाहेर उभं राहून तोडलं होतं, मी पाह्यलं. चाचांना एवढं बोलल्यावर हाताला काम पाहिजे होतं, म्हणून.

आज मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक आहे. येणाऱ्या माणसाला खुर्ची देतो, विचारतो, अन् 'बरं' म्हणतो. लोक म्हणतात, पोराच्या हाताला गुण आहे. हाताला काही न्हाई. गॅदरिंगच्या त्या पोराला गप बसायला कुणीतरी शिकवलं, एवढंच. आमच्या घरात अजून कुणाचा विश्वास बसत न्हाई की मला बोलायचा न्हाई, ऐकायचा पगार मिळतो. रिटायर होताना सरांनी ती ग्लासांची पिशवी माझ्या हातात दिली. निरोपाचं भाषण केलं न्हाई. "डाळीला किडे लागू देऊ नको," म्हणले. बस.

तं आता तुमाला कळलं असंल, ताईच्या फोननं मी लगेच किल्ली काहून शोधायला लागलो. जेवण चार, झोप चार, प्रकृती चार.

मी गेलो. सरांनी दार उघडलं. शर्ट इस्त्रीचा, दाढी केलेली, वरून बघणाऱ्याला सगळं ठीक. आत मात्र दिवाणखान्यात एकच खुर्ची उघडी होती, बाकीच्यांवर वर्तमानपत्रं रचलेली. स्वयंपाकाच्या ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक चमचा. तेलाचा वास कुठंच न्हाई. सरांनी स्वतः चहा केला. कपात बघून म्हणले, "चार." अजून प्यायले पण नव्हते.

मी इकडचं तिकडचं बोललो. मामाची नक्कल केली. सर हसले, जेवढं हसायला पाहिजे तेवढं. मंग मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "जेवताय ना सर?"

"चार."

"फिरायला जाता का?"

"चार."

मंग मी विचारलं. "घर खायला उठतं का सर?"

"चार," सर म्हणले.

ज्या माणसानं उलटे प्रश्न स्वतःच्या हातानं लिहिले, तो चार म्हणला. अन् त्याला कळलं पण न्हाई. ते खिडकीतून बाहेर बघत होते. मी त्यांच्याकडं बघून राहिलो. एवढी वर्षं मी त्या माणसाची हुबेहूब नक्कल करून राहिलोय, पण त्या दिवशी समोर बसलेला माणूसच मला त्यांची नक्कल वाटला. आवाज बराबर, थांबायची जागा बराबर. आत कुणी न्हाई.

मनात लई आलं. पाय धरावेत, ओरडावं, सर, गावले तुमी. ताईला तिथल्या तिथं फोन लावावा. पण आपण पोलीस न्हाई. मी चहा संपवला, म्हणलो, "येतो सर, पंधरवड्यानं." ते म्हणले, "ये." ताईला एवढंच सांगितलं, "ताई, चारवर जाऊ नको. पण दम धर. मला अजून एकदा जाऊ दे." त्या पंधरवड्यात मी रोज एखादं निमित्त काढून त्यांना फोन केला. कधी मामाच्या आवाजात, कधी कंडक्टरच्या. "चार," ते म्हणायचे, अन् ठेवून द्यायचे.

पंधरवड्यानं गेलो तवा पिशवी घेऊन गेलो. मोपेड माझी, रस्ता तोच, खणखणाट तोच. सरांनी दार उघडायच्या आधीच आतून आवाज आला, "भांडी नकोत." मंग दार उघडलं, पिशवी पाह्यली, अन् बाजूला झाले.

मी एका खुर्चीवरची वर्तमानपत्रं खाली ठेवली अन् बसलो. मधल्या टेबलावर ग्लास मांडले. चिमूटभर तुरीचा, थोडा, अर्धा, पाऊण, काठोकाठ. सरांनी एक ग्लास जरासा सरकवून रांगेत नीट केला.

"सर, विचारू का?"

"मोजणाऱ्यानं स्वतःला मोजायचं नसतं."

"मोजणार मी आहे."

मी पाठ सरळ केली, डोळे समोर धरले, अन् त्यांच्याच आवाजात, चढ न्हाई, उतार न्हाई, एसटी स्टँडवरच्या भावानं विचारलं:

"मागच्या पंधरवड्यात... करमतं का?"

स्वतःचाच आवाज समोरून आला तसे सर दचकले. त्यांनी ग्लासांकडं पाह्यलं. बोट चौथ्यापाशी गेलं, जवळपास टेकलं. अन् तिथंच थांबलं. मला आजीचा मधीच थांबलेला हात आठवला. मी हललो न्हाई. सरांचं बोट तिथून निघालं, एकेक ग्लास ओलांडत रांगेच्या पार दुसऱ्या टोकाला आलं. त्यांनी पहिला ग्लास उचलून हातात घेतला. तूर तळाशी वाजली.

"बरं," मी म्हणलो. सरांचं 'बरं', एकदम तसंच.

पट्टीतला पुढचा प्रश्न मला पाठ होता, त्यांनाही पाठ होता. दोघांनाही ठाऊक होतं काय येणार आहे.

"कुणाची आठवण येते का?"

सरांनी हातातला ग्लास खाली ठेवला. रांगेकडं पाह्यलं. काठोकाठ भरलेल्या ग्लासाकडं पाह्यलं. मंग त्याच्याही पलीकडं, टेबलाच्या रिकाम्या कडेकडं पाह्यलं, जिथं काहीच ठेवलेलं नव्हतं.

"सहा," सर म्हणले.

नियमानं मी 'बाद' म्हणायला पाहिजे होतं. मी 'बरं' म्हणलो. पण ते सरांच्या आवाजात न्हाई निघालं. फाटलेलं, ओलं, माझ्याच आवाजातलं निघालं.

सरांनी मान वर केली. डोळे भरलेले, पण मास्तर जागा झालेला.

"हे माझं 'बरं' न्हाई."

"चुकलं सर. परत विचारू का?"

"नको," सर म्हणले. शेजारच्या खुर्चीवरची वर्तमानपत्रं त्यांनी स्वतः उचलून खाली ठेवली, माझ्याकडं सरकून त्या खुर्चीत बसले. "पुढचा प्रश्न विचार."